शनिवारच्या मंडळातला फितूर

आमच्या शनिवारच्या सिनेमामंडळाला नाव नव्हतं, पाटी नव्हती, वर्गणी नव्हती. नियम मात्र होते. पुण्यात चार माणसं एकत्र बसली की बाकी काही नसलं तरी भागतं, नियम लागतातच. आमचे नियम गोपाळरावांनी घालून दिले होते, कारण नारायण पेठेतला तो हॉल त्यांचा, टीव्ही त्यांचा आणि आवाजही त्यांचाच सगळ्यांत मोठा.

सिनेमा चालू असताना बोलायचं नाही. संपल्यावर चहा पिऊन होईपर्यंतही बोलायचं नाही. मग जो वयानं सगळ्यांत लहान असेल त्यानं पहिलं मत द्यायचं, कारण मोठ्यांनी आधी तोंड उघडलं की लहान नुसत्या माना डोलावतात. आणि शेवटचा, सगळ्यांत कडक नियम असा की इथलं मत उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. या शेवटच्या नियमाला कारण होतं. एकदा अनंतरावांनी एका दिग्दर्शकाच्या सिनेमाला 'चांगल्या कॅमेऱ्याचा गैरवापर' म्हटलं आणि ते वाक्य अनंतराव घरी पोचायच्या आत त्या दिग्दर्शकाच्या घरी पोचलं. दुर्दैवानं दोघांची सोसायटी एकच. तेव्हापासून एकजण जिन्यात दिसला की दुसरा लिफ्टची वाट बघतो.

आम्ही बघायचो ते सिनेमे हल्लीची पोरं ज्यांना 'कल्ट' म्हणतात ते. आमच्या वेळी त्यांना 'पडलेले सिनेमे' म्हणत. म्हणजे आठवड्यात थिएटरातून उतरलेले, आणि मग वीस वर्षांनी ज्यांच्यावर लोक जीव टाकायला लागले असे. जुने असायचे, आणि जैनब यायला लागल्यापासून नवेही.

जैनब ही मैनुद्दीन सरांची मुलगी. खराडीला कुठल्याशा कंपनीत नोकरी. सरांचा गुडघा धरायला लागला तेव्हापासून ती त्यांना भवानी पेठेतून गाडीनं घेऊन यायची आणि मग परत न्यायचं म्हणून थांबायची. थांबता थांबता मंडळात आली. मैनुद्दीन सर आणि मी एकाच कॉलेजात होतो, ते भूगोलाला, मी केमिस्ट्रीला. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी. माझे यजमान गेले त्या सकाळी माझ्या दाराची पहिली बेल वाजवली ती सरांनी. नातेवाईक नंतर आले. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

मी श्यामला. शिकवण्यापेक्षा माझं नाव परीक्षेच्या कामात जास्त झालं. कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. माझ्या संशयी स्वभावावर विद्यार्थी नाटुकल्या बसवायचे, आणि मी पहिल्या रांगेत बसून त्या बघायचे. मला संशय येतो, हे खरं आहे. पण तो खराही ठरत आलेला आहे.

तर, एका बुधवारी माझ्या भाच्यानं मला फोनवर फेसबुकवरचं एक पान दाखवलं. नाव 'शेवटची रांग'. लिहिणाऱ्याचं नाव नाही, फोटो नाही. सिनेमांवर छोटी छोटी टिपणं, आणि वाचणारे हजारोंनी. भाचा म्हणाला, "मावशी, हा माणूस अगदी तुझ्यासारखं खवचट लिहितो."

मी चष्मा लावला आणि वाचलं. 'पिवळ्या खिडक्या' या जुन्या सिनेमाबद्दल लिहिलं होतं: हा सिनेमा संथ नाही, आपल्याला पुढं काय होणार याची घाई असते आणि त्यातल्या बाईला ती नसते, एवढंच. हे वाक्य मैनुद्दीन सरांचं होतं. मागच्याच शनिवारी, चहाचा कप खाली ठेवून, माझ्याकडे बघून ते हे बोलले होते. त्याखाली 'सात मिनिटांचा अंधार' या नव्या हिंदी गुंडपटाबद्दल: खलनायक एकदाही ओरडत नाही, कचेरीत नोकरी केलेल्यांना हळू बोलणाऱ्या साहेबाची भीती ठाऊक असते. हे जैनबचं. ती म्हणाली होती, "ॲक्च्युअली आमच्या ऑफिसात पण जो मॅनेजर हळू बोलतो ना, त्यालाच सगळे टरकतात. म्हणून तो व्हिलन मला फुल रिअल वाटला." आणि त्याच्याही खाली, एका गाजलेल्या कौटुंबिक सिनेमाबद्दल: नायक अख्खा सिनेमाभर विचार करतो आणि शेवटी आईला विचारतो.

ते माझं होतं. माझं वाक्य, माझ्या नावाशिवाय, आणि त्याला एवढे अंगठे मिळालेले की मला आयुष्यात टाळ्या मिळाल्या नसतील. माझं डोकं सणकलं.

शनिवारी बाकीचे यायच्या आत मी गोपाळरावांना ते दाखवलं. त्यांनी फोन लांब धरून वाचलं आणि परत दिला. "जाऊ दे हो श्यामलाबाई. असेल कुणी उत्साही. सिनेमे काय आपण एकटेच बघतो?" मला वाटलं, केवढं मोठं मन. खुद्द ज्यांचा नियम मोडला तेच असं म्हणतायत. पण माझं मन तेवढं मोठं नव्हतं. आमच्यात फितूर आहे हे मला लख्ख दिसत होतं, आणि तो हुडकायचा हे मी ठरवून टाकलं.

आता कोण असेल? गोपाळरावांकडे बटणांचा फोन. आतल्या खोलीत संगणक होता, पण त्यावर क्रोशाचं झाकण, आणि त्यावर फक्त विजेचं बिल भरतो असं ते सांगायचे. अनंतराव सिनेमा सुरू झाला की झोपतात आणि संपला की मत देतात, त्यांच्या हातून एवढं नेमकं लिहिणं होणार नाही. मैनुद्दीन सर? सरांबद्दल असा विचार मनात आणला म्हणून मी स्वतःलाच रागे भरले. राहता राहिली जैनब. तरुण, फोन कायम हातात, फेसबुकची जाणकार. 'कचेरी' आणि 'साहेब' असले शब्द? ते तर वय लपवायला मुद्दाम घातलेले. चोर हातमोजे घालतोच. त्या दिवसापासून मी सिनेमा कमी आणि जैनबची बोटं जास्त बघायला लागले. सगळे मतं देत असताना ती फोनवर काहीतरी टिपायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "काकू, तुम्ही सगळे इतकं भारी बोलता, मला नंतर आठवत नाही म्हणून." मला याहून मोठा कबुलीजबाब नको होता.

पण संशय म्हणजे पुरावा नाही, हे मला परीक्षा-विभागानं शिकवलेलं. दोन पेपरांत बरोबर उत्तर सारखं आलं तर काहीच सिद्ध होत नाही, बरोबर उत्तर कुणालाही येऊ शकतं. चूक सारखी आली पाहिजे. तीसुद्धा अशी चूक, जी दुसऱ्या कुणाला सुचणं शक्य नाही. मग पोरगं पकडलं गेलंच म्हणून समजा. तेव्हा जैनबला एक चुकीचं उत्तर द्यायचं आणि ते कुठं उमटतं ते बघायचं.

मी निवडला 'हडळीचा हिसका'. चाळीसएक वर्षांपूर्वी आलेला. अलका चौकात त्याचं पोस्टर लागलं होतं: केसांचा वाकडा टोप घातलेली हडळ, हातात पळी, आणि पलंगाखाली लपलेला नायक. तो सिनेमा बघायची मला गरज वाटली नाही, पोस्टर पुरेसं होतं. आमच्या मंडळात त्याचं नावसुद्धा कुणी काढलं नसतं. जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला हा सिनेमा थोर वाटणं शक्य नाही, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

त्या शनिवारी सर जिना हळूहळू उतरत होते आणि जैनब गाडी काढायला पुढं निघाली होती. मी तिला जिन्याच्या वळणावर गाठलं.

"एक सांगू का तुला? मंडळात बोलायची सोय नाही म्हणून तुला सांगते," मी आवाज खाली आणून म्हणाले. "मराठीतला माझ्या मते खरा ग्रेट सिनेमा कुठला माहितीय? 'हडळीचा हिसका'. लोक त्याला विनोदी म्हणतात. अगं, तो भुकेवरचा सिनेमा आहे. त्यात पहिल्यापासून पंगती उठतायत, सगळे जेवतायत, एकटी हडळ उपाशी. आणि भूत कुणाला म्हणायचं तर तिला."

पंगतींचं मला कुठून सुचलं कोण जाणे. परीक्षेला खोटे पर्याय तयार करायची सवय असली की जीभ आपोआप चालते, आणि जुन्या मराठी विनोदी सिनेमात पंगत ही असायचीच. जैनबचे डोळे मोठे झाले.

"सीरियसली, काकू?"

"कुणाला बोलू नकोस. लोक मला हसतील."

"प्रॉमिस," ती म्हणाली, आणि तिनं माझा हात एकदा दाबला. मला थोडं कसंतरी झालं. पण पोलीसही सापळा लावताना हसून बोलतातच की.

दोन आठवडे काही आलं नाही. मग एका सकाळी आलं. 'शेवटची रांग'नं लिहिलं होतं: 'हडळीचा हिसका' हा मराठीतला भुकेवरचा सिनेमा आहे. त्यात सगळे जेवतात, हडळ तेवढी उपाशी असते. तिला एकदा कुणी 'बस' म्हणालं असतं तर सिनेमा विश्रांतीच्या आधीच संपला असता.

मी ते परत परत वाचलं. खरं सांगते, मला आनंद झाला. एखादं अवघड अनुमान खरं निघाल्यावर होतो तसा. मैनुद्दीन सरांचं काय, हा विचार त्यानंतर आला, आणि मी तो बाजूला सारला. चूक ती चूक, मग ती कुणाच्या का लेकीची असेना.

त्या शनिवारी मी सिनेमा लावूच दिला नाही. सगळे बसले, गोपाळरावांनी चहाचे कप आणून ठेवले, आणि मी फोन काढून ते टिपण मोठ्यानं वाचलं. मग म्हणाले, "हे मत मी या जगात फक्त एका व्यक्तीला सांगितलं होतं. याच जिन्यात."

जैनबचा चेहरा आधी उतरला नाही. तिला कळायला वेळ लागला. "काकू, मी नाही लिहिलं हे."

"मग कोणी लिहिलं?"

"मला माहीत नाही. पण मी कुणाला बोललेच नाहीये."

"मीही कुणाला बोलले नाही. मग काय जिन्यानं लिहिलं?"

मैनुद्दीन सरांनी गोपाळरावांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, घर त्यांचं, त्यांनी मध्ये पडावं म्हणून बघतायत. गोपाळराव कपात साखर ढवळत होते. मग सर माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही तिला हे मुद्दाम सांगितलं होतं?"

"हो."

"तुमचं हे मत नव्हतंच."

"अर्थातच नव्हतं."

"म्हणजे पारखून बघायला सांगितलं होतं."

"सर, कुणीतरी बघायला हवंच होतं."

त्यांनी खुर्चीच्या हाताला धरून गुडघा सरळ केला आणि उठले. "चल जैनब." गोपाळराव "अहो, चहा तरी" असं काहीसं पुटपुटले, पण तोवर दोघं दारापाशी पोचले होते. चपला घालताना जैनबनं वाकून सरांच्या चपलेचा पट्टा लावला. कुणीही मागं वळून पाहिलं नाही. अनंतराव तेवढ्यात जागे झाले आणि म्हणाले, "संपला? मध्ये जरा लांबला."

त्यानंतर मंडळ चालू राहिलं, म्हणजे आम्ही तिघं बसत राहिलो. नियमाप्रमाणे आता सगळ्यांत लहान मी, म्हणून पहिलं मत मी द्यायचे. मी मत दिलं की अनंतराव मान डोलवायचे आणि गोपाळराव "असंच म्हणायला हवं" म्हणायचे. पूर्वी ज्या जागी सर बोलायचे तिथं आता पंख्याचा आवाज यायचा. 'शेवटची रांग'वर पुन्हा काही आलं नाही. गुन्हेगार गेला, गुन्हा थांबला, आणखी काय पुरावा हवा?

ईदला दरवर्षी सरांच्या घरून शीरखुर्म्याचा डबा यायचा. त्या वर्षी आला नाही. मला वाईट वाटलं. खरं तर फारच वाईट वाटलं. मी दिवसभर दाराच्या बेलकडे कान लावून होते आणि संध्याकाळी रिकाम्या ओट्यावर स्वतःपुरता चहा टाकला. पण ज्यांची चूक त्यांनी यावं, असं माझं म्हणणं होतं, आणि ते मी सोडलं नाही.

पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला गोपाळरावांनी आम्हाला जेवायला बोलावलं. त्यांच्या पत्नी आनंदीबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. सवाष्ण म्हणून शेजारच्या मुक्ताबाई होत्या. पानं वाढून झाली तरी मुक्ताबाई स्वयंपाकघरातच लुडबुड करत होत्या, पुरणपोळ्या मोडतायत का बघत, सगळ्यांना वाढून मग बसते म्हणत. गोपाळराव त्यांना म्हणाले, "तुम्ही आधी बसा हो. सवाष्ण तुम्ही. हिचं एकच म्हणणं असायचं, सगळे जेवतायत आणि हडळ उपाशी."

मुक्ताबाई हसल्या. "वहिनींचं ते हडळीच्या सिनेमाचं ना? शंभरदा ऐकलंय. टीव्हीवर लागला की हातातली कामं टाकून बघायच्या. आम्हालाही बोलवायच्या. अख्ख्या बिल्डिंगला पाठ आहे ते."

माझा घास हातातच राहिला.

आणि मग मला आठवलं. याच घरातलं स्वयंपाकघर, आनंदीबाई चहा गाळतायत आणि मी ट्रे न्यायला आत आलेली. आनंदीबाई मंडळात नव्हत्या. त्या चहा करायच्या. त्या मला म्हणाल्या होत्या, "तुम्ही लोक एकदा तो 'हडळीचा हिसका' का नाही हो बघत? त्यात बघा, सगळ्या सिनेमाभर पंगती उठतात आणि ती एकटी उपाशी." मी "हो का?" म्हणाले होते आणि ट्रे उचलला होता. ऐकलं नव्हतं, पण कानात राहिलं होतं. मी जे स्वतः रचलं असं समजत होते, ते त्यांचं होतं. आणि एवढी वर्षं परीक्षेत घालवून मला हे सुचलं नाही की दोन पेपरांत एकच उत्तर आलं, तर दोघांना शिकवणारं माणूस एकच असू शकतं.

बाकीचे विडे लावायला बसले तेव्हा मी गोपाळरावांना आतल्या खोलीत गाठलं. "ते पान तुमचं."

त्यांनी दार लोटलं. "हो."

"का?"

"हिला मी कधी हॉलमध्ये बसू दिलं नाही," ते म्हणाले. "एकदा बोलायला आली तर तुला काय कळतंय म्हणालो होतो. तुम्हा सगळ्यांसमोर नाही, इथं आत. ती गेल्यावर वाटलं, हिचं म्हणणं कुठंतरी लिहावं. पण हडळीच्या सिनेमापासून सुरुवात केली असती तर कुणी वाचलं असतं? म्हणून आधी तुमची मतं लिहिली. वाचणारे जमल्यावर हिचं लिहिलं."

माणूस म्हातारा, बायको गेलेली. मला कीव यायला हवी होती. थोडी आलीही. "आणि त्या पोरीवर आळ आला तेव्हा कपात चमचा फिरवत बसलात," मी म्हणाले.

"माझाच नियम मी मोडला, हे सगळ्यांसमोर कसं सांगू?"

"तसंच सांगायचं. तोंडानं."

मी त्यांना माझ्याबरोबर भवानी पेठेत चला म्हटलं. ते म्हणाले, तुम्ही पुढं व्हा, मी मागून येतो. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि रिक्षात बसल्यावर कळलं की तो सगळा काही त्यांचा नव्हता. सापळा त्यांनी लावला नव्हता.

दार हमीदावहिनींनी, सरांच्या पत्नींनी उघडलं. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं, तब्येतीची चौकशी केली. सगळं अगदी रीतसर. मैनुद्दीन सर वर्तमानपत्राची घडी करून समोर बसले. जैनब ऑफिसमधून नुकतीच आलेली, गळ्यातलं ओळखपत्रही अजून काढलेलं नव्हतं. ती भिंतीशी उभी राहिली.

मी घोळ घातला नाही. "सर, ते पान गोपाळरावांचं होतं. जैनबचा त्यात काही संबंध नव्हता. मी तिच्यावर खोटा आळ घेतला."

"गोपाळरावांचं आहे हे मला ठाऊक होतं," सर म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. आजकाल 'कचेरी' कोण लिहितं बाई? मध्यंतराला 'विश्रांती' म्हणणारा माणूस आपल्यात एकच. मला तर मजा वाटत होती. म्हटलं, लिहू दे, बिचारे एकटे आहेत."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला, तो मला उतरवता येईना. "एक शब्द बोलला असतात तर हे सगळं टळलं असतं."

सरांनी वर्तमानपत्राची घडी बाजूला ठेवली. "काय बोललो असतो? त्यांच्या घरात बसून त्यांचं नाव घ्यायचं. बरं, घेतलं असतं. मग तुम्ही काय म्हणाला असता?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"सांगा ना. सर आपल्या लेकीला वाचवायला गोपाळरावांवर ढकलतायत, असं म्हणाला असता की नाही?"

मला खोटं बोलता आलं असतं. या माणसाशी ते जमलं नाही. "हो," मी म्हणाले. "म्हटलं असतं."

त्यांनी मान हलवली. रागानं नाही, एखादा हिशेब जुळावा तशी.

"गोपाळरावांवर माझा संशय गेलाच नाही," मी म्हणाले. "एकदाही नाही. तो का गेला नाही, हे आता मला कळतंय, आणि ते तोंडानं सांगायची लाज वाटते."

"मग नका सांगू," सर म्हणाले. "आम्हाला माहीत आहे."

हमीदावहिनींनी चहा आणला. तो मी घेतला. शनिवारी याल का, असं विचारलं तेव्हा सर म्हणाले, गुडघ्याचं बघू. गुडघा त्याआधी कधी आड आला नव्हता. निघताना ते दारापर्यंत आले नाहीत, पण जैनबला म्हणाले, "बाईंना रिक्षात बसवून ये."

आम्ही दोघी खाली उतरलो. संध्याकाळची वर्दळ होती, मोकळी रिक्षा मिळेना. मी म्हणाले, "जैनब, मला माफ कर."

"इट्स ओके, काकू," ती म्हणाली. मग रस्त्याकडे बघतच बोलली, "तो सिनेमा मी बघितला. तुम्ही सांगितलं त्याच वीकेंडला. यूट्यूबवर आहे, प्रिंट एकदम बेकार. दोनदा बघितला. शेवटी तिला पंगतीत बसवतात ना, पान वाढलेलं असतं आणि ती जेवतच नाही, नुसती त्या पानाकडे बघत राहते. मी रडले तिथं. तुम्हाला काय वाटतं, ती का जेवत नाही?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी तो बघितलेला नाही."

ती माझ्याकडे वळली. "बघितलाच नाही?"

"नाही."

एक रिक्षा आली, तिनं हात केला, ती थांबली नाही.

"मला वाटलं, तुमचा आवडता सिनेमा आहे आणि सगळ्यांसमोर सांगायला तुम्हाला ऑकवर्ड वाटतंय," ती म्हणाली. "म्हणून तुम्ही ते वाचून दाखवलंत ना, त्या शनिवारी मीच सुचवणार होते. माझा म्हणून. म्हणजे हसले असते तर मला हसले असते."

पुढची रिक्षा थांबली. तिनं चालकाला माझ्या घरचा पत्ता नीट समजावून सांगितला, माझी पिशवी आत ठेवली आणि वर निघून गेली.